नोकरी, घर आणि रविवार

मराठी भाषेतील 'सुटी' हा शब्द 'सुटणे' या क्रियापदापासून आला आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांनी व्याकरणाच्या तासाला ऐकलेलेच आहे. बैल औतातून सुटतात, शाळा सुटते, कचेरी सुटते. आणि मुंबईच्या परळ-लालबाग भागात गिरण्या चालू होत्या त्या काळी भोंगा झाला की गिरणी सुटत असे. जो बांधलेला असतो तोच सुटतो. म्हणजे या शब्दात आधी बांधले जाणे गृहीत धरलेलेच आहे, आणि त्यात कोणास लाज वाटण्याजोगे काही नाही. कामास बांधून घेतल्यावाचून संसार चालत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. आमच्या विद्यार्थ्यांचे आईबाप सायंकाळी कामावरून बाहेर पडतात हे खरे. परंतु ते सुटतात काय?

यंदा आठवीच्या वर्गास आम्ही 'आमच्या घरची संध्याकाळ' हा विषय निबंधासाठी दिला होता. बाजारात मिळणाऱ्या छापील निबंधांच्या पुस्तकांत या विषयाचा नमुना सापडत नाही, त्यामुळे मुलांस स्वतःचे लिहिणे भाग पडले, हा एक लाभ झाला. दुसरा लाभ असा की, आम्हांस पुष्कळ कळले. एकाने लिहिले होते की, सकाळी उठल्यावर दारातील चपला पाहून वडील रात्री घरी आल्याचे त्यास समजते. एकीची आई रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी असली म्हणजे मायलेकींचे बोलणे शीतपेटीच्या दारावर चिकटविलेल्या चिठ्ठ्यांवरून चालते. आणखी एकाने लिहिले की, त्यांच्या घरी संध्याकाळी सर्व माणसे असतात, पण घरात आवाज असा काही नसतो. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल असतो. आम्ही येथे कोणाचे नाव सांगत नाही. वह्या ज्याच्या त्यास परत दिल्या आहेत. सांगण्यासारखी गोष्ट इतकीच की, यांपैकी कोणीही तक्रारीच्या सुरात लिहिले नव्हते. पाऊस पडतो, ऊन पडते, तसेच वडील रात्री अकरा वाजता येतात, असे ते लिहिणे होते. आमच्या मनास ते फार लागले.

या मुलांचे आईबाप आळशी नाहीत, व्यसनी नाहीत, बेपर्वा तर मुळीच नाहीत. उलट मुलांसाठीच आपण एवढे राबतो, असे ते सांगतात, आणि ते खरे असते. विरारहून चर्चगेटपर्यंत ६० किलोमीटरचा प्रवास लोकलगाडीत उभ्याने करून, दिवसभर साहेबाचे ऐकून, पुन्हा तसेच उभ्याने परत येणाऱ्या मनुष्यास घरगुती कर्तव्यावर व्याख्यान देणे हा उद्धटपणाच होईल. तथापि एक गोष्ट आम्हांस स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हल्ली काम फार असणे हे दुःख म्हणून कोणी सांगत नाही. भूषण म्हणून सांगतात. 'श्वास घ्यावयास फुरसत नाही' हे वाक्य लोक थोड्याशा अभिमानाने उच्चारतात, आणि ऐकणारा मनुष्यही आदराने मान डोलावतो. नोकरीने तिच्या ठरलेल्या वाट्यापेक्षा अधिक वेळ घेतला, तर तो वेळ कोणाच्या तरी खात्यातून वजा होतो. तो मालकाच्या खात्यातून होत नाही. बहुधा तो त्या मुलाच्या खात्यातून वजा होतो, आणि त्या मुलास याविषयी कोणी विचारलेले नसते.

रविवारच्या सुटीचेच पाहा. ती आपणांस इतकी सवयीची झाली आहे की, ती सूर्यचंद्राप्रमाणे आरंभापासूनच असावी, असे विद्यार्थ्यांस वाटते. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापडगिरण्यांत काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम तेरा-चौदा तासांवर जाई. आठवड्याची अशी ठरलेली सुटी नव्हती. १८८१ साली हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला, त्यात लहान मुलांच्या कामाचे तास ठरविले गेले; मोठ्या माणसांविषयी तो कायदा मुकाच राहिला.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संपादक होते. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या कमिशनकडे धाडला. त्यातील मागण्या आज वाचल्या म्हणजे त्या किती साध्या होत्या याचे नवल वाटते. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास थांबावे. पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. कामावर अपघात झाला तर भरपाई मिळावी. एवढ्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. १८९० च्या एप्रिल महिन्यात सुमारे दहा हजार कामगार सभेस जमले, आणि दोन कामकरी स्त्रियांनी त्या सभेत उभे राहून भाषणे केली. त्या काळी सुशिक्षितांच्या घरांतील स्त्रियांसही चारचौघांत बोलण्याची मुभा नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या दोघींचे धैर्य कळते. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या मंडळाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ चा कायदा आला. १९२२ साली आठवड्याचे तास ६० वर आले, १९३४ साली ५४ वर, आणि १९४६ साली ४८ वर. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच मर्यादा कायम केली. एकेक तास असा रेटून, मागून, अर्ज करून मिळविलेला आहे.

रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्या मागणीच्या वेळी सांगितले जात असे. आम्हां ख्रिस्ती लोकांस तो प्रभूचा दिवस. म्हणजे जेजुरीस जाणारा आणि देवळात उपासनेस जाणारा, दोघांचीही सोय एकाच सुटीने झाली, ही मौजेची गोष्ट आहे. लोखंडे स्वतः विश्रांतीचे लोभी होते असे मात्र कोणी समजू नये. १८९७ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले असता रोग्यांसाठी झटत असतानाच त्यांस तो रोग जडून ते वारले. दुसऱ्यास सुटी मिळावी म्हणून झटणारा मनुष्य कामचुकार असतो, हा समज ज्यांच्या मनात असेल त्यांनी हे चरित्र अवश्य पाहावे.

विसाव्याचा दिवस ही कल्पना फार जुनी आहे. मोशेच्या दहा आज्ञांत शब्बाथाची आज्ञा येते, त्यात विसावा केवळ घरधन्यास सांगितलेला नाही. पुत्र, कन्या, दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा उपरा, या सर्वांची त्यात गणना आहे. अनुवादाच्या पुस्तकात या आज्ञेचे जे कारण दिले आहे ते विचार करण्याजोगे आहे: तुम्ही मिसर देशात गुलाम होता, याची आठवण ठेवा. ज्याला आठवड्यातून एकही दिवस नाही म्हणता येत नाही तो गुलाम, मग त्याचा पगार कितीही असो, असाच त्याचा अर्थ आम्ही घेतो. आमच्याच कोकणात या आज्ञेने एका जातीस नाव दिले. कुलाबा जिल्ह्यातील बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत, परंतु शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकरी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. शतकानुशतके मायदेशापासून दूर राहून त्यांची भाषा गेली, पोशाख गेला, पुष्कळ ग्रंथज्ञान गेले. पण शनिवारचा बंद घाणा राहिला. शेजाऱ्यांनी त्यांस जे ओळखले ते कामावरून, आणि काम न करण्याच्या दिवसावरून.

आणि आमचा शेतकरी? त्याच्या घरी बैलाचासुद्धा सण असतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यास हळद आणि तूप लावून तो मळतात, आणि पोळ्याच्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. ज्या समाजास बैलाच्या खांद्याची वर्षातून एकदा तरी आठवण होते, त्या समाजातील माणसाच्या खांद्याची वास्तपुस्त कोणी करावयाची, हे आम्ही पालकांवरच सोपवितो.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, हे मालक लोकांस सांगावे. आम्ही नोकर माणसे काय करणार? हे म्हणणे अर्धे खरे आहे. ज्याची भाकरी रोजंदारीवर आहे, जो दोन घरची कामे करून तिसऱ्या ठिकाणी पहारा करतो, त्यास आमच्या या लेखाने काही सांगावयाचे नाही. त्यास हवी आहे ती पुरेशी मजुरी. परंतु पुष्कळांची गोष्ट अशी नसते. पुष्कळांस काम कोणी लादीत नाही; काम हेच त्यांस घरापेक्षा सोपे वाटू लागते. कचेरीत मान मिळतो, हुकूम चालतो, केलेल्या कामाचा ताबडतोब हिशेब लागतो. घरी यातले काही नाही. घरी एक मूल भागाकार चुकीचा करून बसलेले असते आणि म्हातारी आई तीच गोष्ट चौथ्यांदा सांगत असते. मनुष्य मग उगाच एक तास अधिक बसतो आणि त्यास कर्तव्य म्हणतो.

यात धर्मकार्य करणारे लोक सर्वांत पुढे, हे आम्हांस खेदाने लिहावे लागते. पोटासाठी राबणाऱ्यास निदान आपण पोटासाठी राबतो हे माहीत असते. सेवेच्या नावाने घर सोडणाऱ्यास आपण काही चुकतो आहो अशी शंकाही येत नाही. पवित्र शास्त्रातील एली याजक पाहा. शिलो येथील मंदिरात त्याचे सारे आयुष्य गेले. लहानग्या शमुवेलास त्याने उत्तम वळण लावले. दुसऱ्याच्या मुलास देवाची वाणी ओळखावयास त्यानेच शिकविले. परंतु त्याचे स्वतःचे पुत्र, होफनी व फिनहास, त्याच मंदिरात लोकांच्या अर्पणांवर हात मारीत होते. पुढे शमुवेल मोठा झाला, इस्राएलाचा न्याय करू लागला, गावोगाव फिरू लागला. आणि त्याचे पुत्र योएल व अबीया लाच घेऊ लागले. गुरूच्या घरी घडलेलेच शिष्याच्या घरी घडले. शास्त्राने ही गोष्ट झाकून ठेविली नाही, यात शास्त्राचा मोठेपणा आहे. आम्हां शिक्षकांनी तर ही प्रकरणे वर्षातून एकदा वाचावी. दुसऱ्यांची पन्नास मुले सुधारून घरचे एक हातचे जाणे हा आमच्या धंद्यातील जुना रोग आहे.

दुसरे उदाहरण मराठी भाषेच्या इतिहासातील आहे. ज्यांच्या कार्याविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे अशा पुरुषाचे ते असल्यामुळे लिहिताना हात अडखळतो. डॉ. विल्यम केरी १७९३ साली बंगाल्यात आले. मूळचे ते जोडे शिवणारे. त्यांनी १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापले, १८१० साली मराठीचा कोश छापला, आणि मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत आणले. मराठी छपाईचा इतिहास त्यांचे नाव घेतल्यावाचून आरंभिता येत नाही. परंतु त्यांच्या पत्नी डोरोथी यांचे नाव आमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? त्या बाईंस हिंदुस्थानात यावयाचे नव्हते. बहीण बरोबर येईल तर येते, या अटीवर त्या, कडेवर तान्हे मूल घेऊन, जहाजावर चढल्या. बंगाल्यात आल्यावर पैशाची ओढ, ताप, हगवण, एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामास जाणे. १७९४ साली पाच वर्षांचा पीटर हा मुलगा हगवणीने गेला. त्यानंतर त्या माउलीचे चित्त भ्रमले, ते पुन्हा ठिकाणावर आले नाही. श्रीरामपूरच्या घरात एका खोलीत त्या ओरडत असत आणि शेजारच्या खोलीत केरीसाहेब भाषांतरे तपाशीत असत. १८०७ साली त्या वारल्या. मुलांची आबाळ झाली. श्रीमती हॅना मार्शमन आणि वॉर्डसाहेब या सहकाऱ्यांनी त्यांस हाती धरले म्हणून ती मार्गास लागली.

केरीसाहेबांनी मराठी व्याकरण लिहावयास नको होते, असे आम्ही म्हणत नाही. ते व्याकरण ज्या परंपरेच्या आरंभी आहे तिच्याच जोरावर आम्ही आज हा लेख लिहीत आहो. डोरोथीबाईंचा आजार ज्या काळी कोणास कळत नव्हता त्या काळच्या पतीस आजच्या ज्ञानाने दोष देणेही न्याय्य नव्हे. पण त्यांच्या चरित्राचे पुस्तक शाळेत बक्षीस म्हणून देताना त्यातले हे पान गाळून देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. मुलांस केवळ कोशाची पाने दाखविली, आणि त्या शेजारच्या खोलीविषयी काही सांगितले नाही, तर थोर होणे म्हणजे घराकडे पाठ करणे, असे ती समजून बसतील. आमच्या मंडळ्यांतील कित्येक पाळकांच्या आणि शिक्षकांच्या मुलांनी देवळाची पायरी पुन्हा चढावयाची नाही असे ठरविले, त्याचे कारण त्यांनी शास्त्राविरुद्ध काही ग्रंथ वाचले हे नव्हे. देवळाने आपला बाप नेला, असे त्यांस वाटले.

यावर मोशेच्या सासऱ्याने जो उपाय सांगितला तो आम्हांस आजही पटतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा लोकांचे तंटे तोडीत बसे आणि लोक रांगेत तिष्ठत. इथ्रो पाहुणा म्हणून आला. आणि त्याने येताना मोशेची बायको व दोन मुलगे आपल्याबरोबर आणले होते, ही गोष्ट वाचणारे सहसा विसरतात. एक दिवस हा प्रकार पाहून त्याने जावयास सांगितले की, हे चांगले नाही. तूही झिजून जाशील आणि हे लोकही. लायक माणसे नेम, लहान कामे त्यांस दे, मोठी तेवढी तू पाहा. मोशेने ते ऐकले. आपल्यावाचून चालणार नाही, अशी ज्या मनुष्याची समजूत असते त्यास बहुधा आपल्यावाचून चालावे असे वाटतच नसते. कचेऱ्यांतील वरिष्ठांनी, शाळांतील मुख्याध्यापकांनी आणि मंडळ्यांतील पंचांनी हे प्रकरण एकदा पाहावे. सासऱ्याचा सल्ला ऐकणारा जावई जगात दुर्मिळ खरा, पण मोशेस त्याचा लाभच झाला.

आतापर्यंत आम्ही बहुतेक बापांविषयी लिहिले, त्याचे कारण आयांची गोष्ट आणखी कठीण आहे. बाप घरी उशिरा येतो. आई एका कामावरून सुटून दुसऱ्या कामावर येते. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. तीत असे दिसले की, शंभरातील ८१ स्त्रिया दररोज घरची बिनपगारी कामे करतात आणि पुरुषांपैकी २६ करतात. जे करतात त्यांतही स्त्रियांचा सरासरी वेळ दिवसास २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७. म्हणजे जो थोडा पुरुषवर्ग घरी हात लावतो तोही दीड तासाच्या आसपास थांबतो, आणि बाई पाच तास उभी असते. मार्था व मरीया यांच्या गोष्टीवर आम्ही आजवर अनेक उपदेश ऐकले. मार्था उगाच दगदग करीत होती आणि मरीयेने चांगला वाटा निवडला, हे सर्वजण सांगतात, आणि प्रभूने सांगितले म्हणून ते खरेच आहे. परंतु हा उपदेश आटोपल्यावर उपदेशकमहाशय घरी जाऊन जेवावयास बसतात, तेव्हा ताट कोणी वाढलेले असते? बायकांस मरीया व्हा म्हणून सांगण्याचा अधिकार ज्यास हवा असेल त्याने आधी आठवड्यातून दोन दिवस भांडी घासावी. आमच्या शाळेतील मुलगे भाकरी थापावयास शिकले, तर त्यांच्या परीक्षेच्या गुणांत घट येणार नाही, अशी हमी आम्ही देतो.

भोंग्याचा उल्लेख वर आला आहे. गिरणीचा भोंगा कर्कश होता. लोक त्याला शिव्या देत. पण तो जसा बोलावी तसा सोडीतही असे. संध्याकाळचा भोंगा झाल्यावर मुकादम कामगाराच्या खोलीत येऊन साच्याविषयी विचारीत नसे. हल्लीचा मोबाईल बोलावतो, पण सोडीत नाही. जेवताना, देवळात, आजारी मुलाच्या उशाशी, कोठेही साहेबाचा संदेश येऊन पोहोचतो, आणि निळ्या खुणा दिसल्या की उत्तर का दिले नाही अशी विचारणा होते. फ्रान्स देशात २०१७ साली असा कायदा अमलात आला की, कामाचे तास संपल्यावर यंत्रापासून दूर राहण्याच्या नोकराच्या हक्काविषयी मोठ्या कंपन्यांनी आपल्या कामगारांशी वाटाघाट केली पाहिजे. पोर्तुगालने २०२१ साली याहून पुढे जाऊन, कामाच्या वेळेबाहेर नोकरास छेडू नये असे मालकांवरच बंधन घातले. लोखंड्यांच्या अर्जातील सूर्यास्त तो हाच; आता तो दिव्यांच्या आणि पडद्यांच्या उजेडात पुन्हा मागावा लागत आहे.

या बाबतीत शाळाही निर्दोष नाहीत, आणि पालकांचा तर त्यात मोठा वाटा आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर रात्री दहा वाजता उद्याच्या चाचणीचा अभ्यासक्रम विचारणारे पालक, आणि साडेदहास तो कळविणारे शिक्षक, हे दोघे मिळून तीन घरांची झोप मोडतात: एक पालकाचे, एक शिक्षकाचे, आणि तिसरे ज्यांना काहीच विचारावयाचे नव्हते त्या बाकीच्यांचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास सांगितले आहेत, आणि त्यात पाठाच्या तयारीचे तासही धरले आहेत. शिक्षकास जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज दुसऱ्या बिनशैक्षणिक कामास लावू नये, असेही त्यात आहे. रात्री साडेदहाचे संदेश या तिन्हींपैकी कशात बसवावे, हे आम्हांस उमगलेले नाही. आपत्तीत बसत असतील तर न कळे. आमची सूचना साधी आहे. सायंकाळी सातनंतर आणि रविवारी वर्गाच्या गटावर कोणीही काही लिहू नये. मूल आजारी पडले, कोणी हरवले, तर दूरध्वनी आहेच.

ज्यांची सुटी मंगळवारी किंवा गुरुवारी असते, एस. टी. चालक, पोलीस, परिचारिका, दुकानदार, त्यांच्या मुलांचा विचार निराळा करावा लागेल. बापाची सुटी मंगळवारी आणि मुलाची रविवारी, मग दोघांनी भेटावे केव्हा? अशा पालकांनी महिन्यातून एखाद्या दिवशी मुलास शाळा सुटताच, क्लासला न धाडता, स्वतः घेऊन जाण्याची इच्छा दाखविली, तर तीस कोणी आळस समजू नये. बापाबरोबर बसून पंक्चर काढावयास शिकणे, किंवा बाजारात आईबरोबर भाव करावयास शिकणे, हेही शिक्षणच आहे, आणि ते आम्हांस वर्गात देता येत नाही.

आता विद्यार्थ्यांनो, थोडे तुमच्याविषयी. तुम्ही वडीलधाऱ्यांचे हे सर्व वाचून मनात खूष झाला असाल. पण तुमच्याकडे पाहिले म्हणजे आम्हांस १८८४ चा अर्ज आठवतो. सकाळी सातची शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, रात्री गृहपाठ. आणि रविवारी सकाळी आठ वाजता क्लासची सराव परीक्षा. गिरणी कामगारांनी सहा वर्षे झगडून मिळविलेला रविवार त्यांच्या पणतवंडांनी फी भरून परत दिला आहे. तुम्हांस भूगोलात गुण कमी मिळाले तर त्यावर उपाय आहे. पण आजोबा बोलावयास कोणी नाही म्हणून खिडकीशी बसून राहिले, आणि तुम्ही आतल्या खोलीत कोणत्या तरी परीक्षेचे रकाने काळे करीत होता, तर त्यावर पुढील वर्षी पुन्हा बसण्याची सोय नाही.

म्हणून आम्ही आमच्यापुरते ठरविले आहे ते येथे कळवून ठेवतो. शुक्रवारी घेतलेल्या मराठी निबंधाच्या वह्या सोमवारी मिळत नाहीत, मंगळवारी मिळतात, अशी काही पालकांची तक्रार कानावर आली आहे. ती खरी आहे. रविवारी आम्ही वह्या घरी नेत नाही, आणि पुढेही नेणार नाही. याविषयी कोणास बोलावयाचे असल्यास त्यांनी सोमवारी, मधल्या सुटीत, शिक्षकांच्या खोलीत अवश्य यावे. मात्र येताना मुलासही बरोबर आणावे.